केरबाच्या मांडीतली म्हस

गंगावेशीतल्या केरबाची साळू लई मानी म्हस. केरबानं दुसऱ्या म्हशीच्या पाठीवर नुसता हात ठिवला, तरी ही बया दोन दिस दूध चोरायची. आन् केरबाचा अर्धा जीव हिच्यात, अर्धा त्याच्या जुन्या राजदूत फटफटीत. दिवाळीच्या पाडव्याला सायलेन्सर काढून गाडी फडफडत फुडं, शिंगं रंगवलेली साळू तिच्या मागं चौखूर, ह्यो त्याचा खरा सण. सुटायच्या आदी साळू येऊन गाडीची टाकी एकदा हुंगायची, मगच पळायची.

अठ्ठ्याण्णव साली मातूर बाळासोनं खोडा घातला. गल्लीची मिरवणूक तोच काढायचा.

"केरबा, म्हस तुझी एक नंबर. पर ती गंजकी गाडी गल्लीच्या फुडं? न्हाय चालायची. चकाचक करून आण, न्हायतर सगळ्यांच्या मागनं शेण तुडवत ये."

केरबाच्या काळजाला लागलं की ते. दिवाळी पंधरा दिसांवर. कम्प्रेसर भाड्यानं आणला, गोठ्याम्होरं गाडी उभी केली, काळाभोर रंग मारला आन् वर चमकायला लॅकरचे तीन हात. सकाळी बघतोय तर टाकी सगळी बारीक बारीक उठलेली, गोमाशी बसल्यावर म्हशीचं कातडं थरथरतंय तशी. मधोमध कडब्याचं कुसळ चिकटलेलं.

रंगाचा दुकानदार म्हणला, "चांगलं वाळू द्या. मग ह्यो पाण्याचा पेपर घ्या, दोन हजार नंबर. साबणाच्या पाण्यात बुडवायचा आन् हलक्या हातानं घासायचं."

"हलका हात मला शिकवताय व्हय पावणं? तीस वर्सं म्हशी भादरतोय. वस्तऱ्यानं कधी रगत काढलं न्हाय!"

आठ दिसांनी बसला घासायला. कुसळ गेलं, खडबड गेली, आन् त्यांच्यासंगं चमक बी गेली. टाकी ताक सांडल्यागत पांढुरकी. नेमका तवाच बाळासो दारात.

"रंग दिलास का राख फासलीस रं?"

"तू जा की हितनं!"

केरबानं पेपर आपटला आन् डोक्याला हात लावून बसला. त्याची कारभारीण अंबूबाई धार काढून येत व्हती. तिनं चरवी खाली ठिवली, टाकीवरनं बोट फिरवलं.

"अवं, साळू भादरल्यावर कशी दिसती?"

"कशी म्हंजे? राखाडी."

"मग तवा रडत बसताय का? तेल लावून रगडताच की. गुळगुळीत झालीया ही. आता रगडा."

केरबा उठला. दुकानातनं आणलेली पालिशची पेस्ट मऊ फडक्यावर घेतली आन् रगडाय लागला. एक वीतभर जागा काळी झाली, मग दोन वीत. दोन दिस रगडत व्हता. शेवटाला मेण लावून पुसली, तर टाकीत त्याला सोताच्या मिशीतला पांढरा केस दिसला. बाळासो परत आला, टाकीत बघून भांग नीट केला आन् निघून गेला. केरबाला आनखी काय पायजे?

पाडव्याला चौक माणसांनी भरलेला. फेटा बांधून केरबा सगळ्यांच्या फुडं. किक मारली, गाडी फडफडली. "ये साळू, हुर्र!"

साळू आली, नेहमीसारखी टाकी हुंगाय वाकली आन् थबकली. टाकीत म्हस! शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, आन् बसलीया कुठं? केरबाच्या मांडीत!

साळूनं फुस्स केलं आन् दिली धडक. शिंगानं टाकीवर ह्या टोकापासनं त्या टोकापत्तोर कर्रर्र! चौक हादरला. मग तिनं पाठ फिरवली आन् घराकडं निघाली.

"गेली की रं टाकी!" बाळासोच वरडला.

केरबानं टाकीकडं बघितलंच न्हाय. गाडी लावून पळत गेला, साळूचं शिंग दोनी हातांनी धरून टोक तपासलं. "लागलं का गं? दाव. इकडं बघ." तिनं बघितलं न्हाय.

"अवं, तिला सवत दिसली त्यात!" माडीवरनं अंबूबाई वरडली. "झाका ती टाकी!"

"दोन दिस रगडलीया मी!"

"मग टाकीच पळवा गल्लीतनं!"

केरबा गाडीपाशी गेला. मग डोक्यावरचा फेटा सोडला आन् टाकीला चार वेढे दिऊन गच्च बांधला. बोडक्या डोक्यानं बसला, किक मारली. साळू सावकाश माघारी आली, फेटा हुंगला. त्यात केरबाच्याच डोक्याचा घाम. मग जी सुटली म्हणता, गाडीच्या मडगार्डाला तिचं नाक लागत व्हतं. मागची सगळी गल्ली धुरळ्यात.

सांजच्याला गोठ्यात फेटा सोडला. बाळासो ओरखड्यावरनं बोट फिरवत म्हणला, "पेपर आणू का दोन हजारचा? निगंल."

"आण," केरबा म्हणला. "ओरखडा ऱ्हाऊ दे तिचा. बाकीची टाकी घासतो. चमक घालवाय पायजे, फुडच्या पाडव्याला परत फेटा कोण सोडणार?"