नावं ठेवलेली मोटार

सोनाळ्याच्या पुंजाजीची शेती बेताची होती, पण नाव मोठं होतं. ते बैलांमुळे. बाजारात जोडी घ्यायची तर लोक आधी पुंजाजीच्या दारात येत, चहा नको नको म्हणत पीत आणि त्याला बैलांच्या दमणीत घालून घेऊन जात. पुंजाजी बैलाभोवती एक फेरी मारी आणि कानाच्या मुळाशी हात लावी. कान थंड लागला तर जनावर आतून आजारी. ऊन लागला तर धडधाकट. एवढं झालं की तो तोंड उघडी, आणि खरी गंमत तिथून पुढे असे.

बैल मनात भरला, की पुंजाजी त्याला नावं ठेवी. "खूर पहा कसे, फुटक्या खापरावानी! वशिंड हाय का गळू हाय बे हे?" विकणाऱ्याचं तोंड उतरे, भाव उतरे, आणि गिऱ्हाईक मनातल्या मनात खूश होऊन कासरा हातात घेई. उलट पुंजाजीनं "वा! काय जनावर हाय, राजा हाय राजा!" म्हटलं, की गिऱ्हाइकानं धोतर सावरावं आणि पुढच्या बैलाकडे चालू लागावं. ही खूण आसपास सगळ्यांना ठाऊक होती. विकणाऱ्यांनाही ठाऊक होती, पण रीत ती रीत. या कामाची दलाली पुंजाजीनं कधी घेतली नाही. आपला शब्द विकत मिळत नाही, याचा त्याला अभिमान होता. शब्द उलटा असतो, ही गोष्ट वेगळी.

त्या साली कौन्सिलची निवडणूक आली आणि गावच्या उत्तमराव पाटलांना नागपूर दिसू लागलं. खेडोपाडी फिरायचं तर दमणी शोभत नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. खामगावचे भगवंतराव वकील आपली जुनी लहान मोटार काढणार होते. वकिलांच्या ओळखीत मतं होती, म्हणून मोटार तिथूनच घ्यायची हे ठरलेलंच होतं. फक्त ती चांगली आहे, असं कोणीतरी म्हणायला हवं होतं.

"उत्तमभाऊ, मले मोटारीतलं काय समजते?" पुंजाजी म्हणाला.

"समजायचं काय त्याच्यात? चार पायाचं जिनावर ते. पाणी पेते, अंगात आलं का पळते. तुम्ही निस्ता हात लावा, बुवा."

थंडीचे दिवस होते. वकिलांच्या अंगणातल्या तुळशीवर अजून दव होतं आणि शेजारी मोटार उभी होती, खेळण्यातली वाटावी एवढीशी. वकील शाल पांघरून बाहेर आले.

"बघा, निःसंकोच बघा. घरची मुलगी दाखवावी तशी दाखवतोय."

पुंजाजीनं फेरी मारली. चाकं दाबून पाहिली. दिव्यांच्या काचांत डोकावून डोळे पाहिले. शेवटी पुढच्या झाकणावर, कान असते तर जिथे असते तिथे, त्यानं तळहात टेकला. ऊन! माणसाच्या तोंडातून वाफ निघतेय अशा थंडीत हे जनावर चांगलं ऊन लागत होतं. ते पुंजाजीच्या मनात भरलं.

"खोड काय हाय, वकीलसाहेब?" त्यानं रीतीप्रमाणे विचारलं. बाजारात असं विचारलं की विकणाऱ्याला खोड सांगावी लागते.

"खोड एकच," वकील म्हणाले. "पळायला लागली की थांबत नाही."

चालू लागायलाच तिला काय काय लागतं, ते त्यांनी सांगितलं नाही. कारण तसं कोणी विचारलं नव्हतं. वकिली अशीच चालते.

मग पुंजाजी सुरू झाला. "डोळे पहा, मेले मिचमिचे! पाय पहा, शेळीचे! पाटलाचं पोट बसन का याच्यात? काय पाहून आणलं म्हणा मले इथं!" उत्तमराव समजले. ते गालात हसले आणि सौदा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाळ्यात मोटार उठली नाही. ड्रायव्हरनं पुढे हँडल घालून इतकं फिरवलं, की त्याचाच हात ऊन झाला. शेवटी गडीमाणसांनी वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत ढकलली, तेव्हा ती खोकत खोकत चालू झाली. एकदा तापली की बरी चाले. पण चढण लागली की मधेच बसे, आणि मग ती निवून पुन्हा उठेपर्यंत पाटलांनी झाडाखाली बसून लोकशाहीचा विचार करावा.

पारावर बसलेल्या पुंजाजीनं पहिल्याच दिवशी ते ढकलणं पाहिलं आणि काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं. सौद्याच्या सकाळी वकिलांनी गाडी आधीच चालवून तापवून ठेवली असणार. बैलाच्या कानात ऊब वरून घालता येत नाही. मोटारीत येते. एवढा साधा फरक होता, आणि जन्मभर ज्या हातावर विश्वास ठेवला तो हात तिथेच फसला होता.

तो मुकाट पाटलांकडे गेला. "उत्तमभाऊ, माह्यी चूक झाली."

"कोन म्हनते?" पाटील कडाडले. "मोटार एक नंबर हाय. पुंजाजीबुवानं पाह्यली हाय ती. समजलं?"

पुंजाजीला समजलं. वकिलानं आपल्याला फसवलं, असं म्हणणं पाटलांच्या तोंडाला शोभणारं नव्हतं. शिवाय मतं होती. मग पाटील जिथे जातील तिथे, म्हणजे जिथवर ढकलत नेता येईल तिथवर, मोटारीचं कौतुक सांगू लागले, आणि प्रत्येक कौतुकाच्या शेवटी पुंजाजीचं नाव. निवडणूक झाली. पाटील पडले. मोटार तेवढी राहिली.

पुढच्या हिवाळ्यात शेगावचा इंद्रभान माळी तिच्यावर भाळला. शेगावाबाहेर त्याचा भाजीचा मळा होता. बारमाही विहीर, आणि तिच्यावर मोट ओढणारी अशी जोडी, की वाटेनं जाणाऱ्यानं थांबून पाहावं. ती जोडी पुंजाजीनंच निवडून दिली होती. आता इंद्रभानच्या डोक्यात आलं होतं, की स्टेशनावर उतरणारी महाराजांच्या दर्शनाची मंडळी मोटारीनं फिरवावी. वांग्यांपेक्षा सवाऱ्या बऱ्या, त्यांना पाणी द्यावं लागत नाही. पाटील म्हणाले, पैसा कायले पाह्यजे? जोडी दे, मोटार घेऊन जाय.

सौद्याच्या आदल्या दिवशी पाटलांनी पुंजाजीला बोलावलं.

"उद्या इंद्रभान येऊन राह्यला. तुम्ही या, हात लावा, अन् नावं ठेवा. वकिलाच्या घरी ठेवली तशीच."

पुंजाजी घरी आला तो डोकं धरूनच. आजवर नावं ठेवली ती चांगल्याला. आता मोटारीला नावं ठेवणं आणि खरं बोलणं एकच होऊन बसलं होतं, आणि ते खरं ऐकून इंद्रभान मोटार घेणार होता. जोडी गेली की मोट बंद, मोट बंद की मळा संपला. आणि हे सगळं पुंजाजीच्या शब्दावर. विचार करता करता त्याला वाट सापडली. आपण मोटारीची स्तुती करायची. इंद्रभानला खूण ठाऊक आहे. तो समजेल.

सकाळी पाटलांच्या लिंबाखाली मोटार उभी होती. पहाटेपासून ढकलून, फिरवून, तापवून आणलेली. इंद्रभान बैलगाडीनं आला. गाडीत मागे त्याची बायको अंबूबाई बसली होती. जोडी पुन्हा पाहायला मिळणार नाही, म्हणून आली होती. ती एका बाजूला बैलांच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली.

पुंजाजीनं मोटारीवर हात ठेवला आणि घसा साफ केला.

"वा! काय मोटार हाय! राजा हाय राजा! अशी मोटार वऱ्हाडात नाई पाह्यली मी!"

इंद्रभानचं तोंड खर्रकन उतरलं. त्यानं पाटलांकडे पाहिलं, आणि त्याचा हात कासऱ्याकडे गेला. पुंजाजीच्या जिवात जीव आला.

पण उत्तमराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते मोठ्यानं हसले. "काऊन रे इंद्रभान, घाबरला? अरे, हा बाजार हाय का? माह्यं घर हाय हे. घरी बुवा सरळ बोलते. चांगली हाय म्हनते, म्हनजे चांगली हाय."

इंद्रभान गोंधळला. त्याला मोटार हवी होती, हे त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं. "काका, खरं सांगा. बाजारातलं बोलून राह्यले का घरचं?"

पुंजाजीला वाटलं, सुटलो. पाटलांचे डोळे त्याच्या पाठीवर टोचत होते, तरी तो बोलला. "घरचं सांगतो लेका. घेऊ नको. थंडीत उठत नाई ते. चढनीवर बसते. आता ऊन लागून राह्यलं ना, ते पहाटपासून ढकलून ढकलून ऊन केलं हाय. तुही जोडी सोन्याची हाय. जाय घरी."

इंद्रभान पुंजाजीकडे पाहत राहिला, आणि मग हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरलं. त्यानं मांडीवर थाप मारली.

"आता बोलले काका! मीच म्हनलं, अजून नावं काऊन नाई ठेवून राह्यले? जोडी घेतली तवाबी असेच भांडले होते ना माह्यासंग? 'नेऊ नको, मरतीन रस्त्यात' म्हनले होते! पाटील, पक्की! घेतली मोटार!"

"अरे, तुह्या पोराची शप्पत घेऊन सांगतो..."

"शप्पतबी तवा घेतली होती, काका!" इंद्रभान म्हणाला, आणि ते खरं होतं.

तेव्हा बैलांजवळून अंबूबाई बोलली. "अवो, काका घेऊ नका म्हनून राह्यले, तं नका ना घेऊ."

एकदम हशा उठला. पाटील हसले, ड्रायव्हर हसला, गडी हसले. "बाजारातलं तुले काय समजते?" इंद्रभान हसत हसत म्हणाला. इतकी माणसं हसताना पाहून पुंजाजीही हसला. त्याचं हसायचं मनात नव्हतं. बायकांना खूण समजत नाही म्हणून बाजारात हसतात तसं, सवयीनं ते तोंडावर आलं.

अंबूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं बैलांची मान सोडली, गाडीतलं बोचकं उचललं आणि मोटारीत जाऊन बसली.

मोटार पूर्णेचं पात्र ओलांडून गेली. पलीकडच्या चढणीवर बसली. तिथून शेगावपर्यंत ती दुसऱ्याच्या बैलांनी नेली. सवाऱ्या काही दिवस मिळाल्या, पण स्टेशनावर उतरलेली माणसं दर्शनाला आलेली असतात, ढकलायला नव्हे. मोट थांबली. उन्हाळ्यापर्यंत वांगी वाळली, मग मेथी पेरलीच नाही. इंद्रभानच्या मनात मात्र पुंजाजीबद्दल काही नव्हतं. तो सगळ्यांना सांगे, "काकाची पारख बरोबर होती. मलेच चालवता नाई आली." पुंजाजीचं नाव त्यामुळे आणखी वाढलं. माणसं आता मोटारींसाठीही त्याला बोलवायला येऊ लागली.

पावसाळ्याच्या तोंडावर पुंजाजी शेगावच्या बाजाराला गेला. भाजीच्या ओळीत अंबूबाई बसलेली दिसली. पुढ्यात पोत्यावर थोडीशी वांगी, दुसऱ्याच्या मळ्यातून विकत आणलेली. पुढे जाता येईना, म्हणून तो वाकला आणि वांगी उचलून पाहू लागला.

"ते नका घेऊ, काका," अंबूबाई म्हणाली. "किडके हायेत."

पुंजाजीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. राग दिसत नव्हता, पण असणारच. विकणारीच आपल्या मालाला नावं ठेवते, म्हणजे आपल्याला द्यायचं तिच्या मनात नाही. त्याला वाईट वाटलं. "राहू दे वो बाई, मी घेतो," असं म्हणून त्यानं होती ती सगळी वांगी धोतराच्या सोग्यात घेतली, आणि ती नाही नाही म्हणत असताना पैसे पोत्यावर ठेवून निघाला.

घरी रुखमाबाईनं वांगी चिरायला घेतली. एक चिरलं, दुसरं चिरलं, तिसरं चिरलं, आणि मग विळी बाजूला सारली.

"आवो, किडे हायेत सगळ्याइत. विकणारीनं सांगतलं नाई का तुमाले?"

"सांगतलं होतं," पुंजाजी म्हणाला.