सगळ्यांनी चालायचं

"या वेळी मी एकटी चालून दाखवणार नाही, मम्मी. सगळेच चालतील!" धनश्रीनं जाहीर केलं, तेव्हा माझ्या बहिणीच्या हातून पोह्यांची परात सुटता सुटता राहिली.

धनश्री माझी भाची. लहानपणीच्या अपघातानं तिचा डावा पाय जरा आखूड राहिला. मागच्या पाहुण्यांनी तिला भरल्या घरात इकडून तिकडे चालायला लावलं, पोहे हाणले आणि पुन्हा फोन उचलला नाही. माझं डोकं अजून तापतं.

म्हणून यंदाचा बघण्याचा कार्यक्रम सोनेगाव तलावावर. अट एकच, सगळ्यांनी मिळून पूर्ण चक्कर मारायची. आनंदाच्या भरात मी भारीतल्या साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून आले.

खाप्याहून मुलगा सौरव आणि त्याची आई इंदुताई आल्या. सौरव हिंगण्याला कंपनीत आहे. धनश्री मान वर करून निघाली, लंगडत पण झपाझप. सौरव तिच्या बरोबरीनं. काय बोलत होते ऐकू येईना, पण पोरगा दोनदा मोठ्यानं हसला! मी बहिणीला चिमटा काढला. इंदुताईंची नजर मात्र धनश्रीच्या पायावरून हटत नव्हती.

अर्ध्या वाटेवर त्या मटकन बाकावर बसल्या. "बस झालं जी. मी तं परत जातो."

बहिणीचा चेहरा पडला. माझा पारा चढला.

"काहून जी? पोरगी पसंत नाही तं सरळ सांगा न!"

इंदुताईंनी चप्पल काढली. टाच सोलून निघाली होती. "नवी चप्पल चावून राहिली बाई! अन् तुमची पोरगी काय धावते! तिच्या पायाकडे पाहू पाहू मी पाय टाकतो, तरी मागंच राहतो."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी खाली बसून माझे बूट काढले. "घाला हे. अट पुरी कराच लागते."

त्यांनी नाडी आवळली, पदर खोचला आणि पुढे गेलेल्या त्या दोघांकडे बघून हात उंचावला.

"थांब वं पोरी! सासूले सोडून कुठं चालली?"

धनश्री वळली. मी अनवाणीच तिच्याकडे पळत सुटले.