मथुराच्या डोक्यावरची चुंबळ

मित्रांनो, मला पाहून काही मुलं पायपुसणं म्हणतात. तसं नाही. मी एक जुनी चुंबळ आहे. बाया डोक्यावर हंडा किंवा घमेलं घेतात, तेव्हा त्याच्याखाली कापडाचं जे गोल कडं असतं, ते मी. ओझं त्यांचंच असतं. मी ते फक्त एका जागी थांबवते.

माझा जन्म भिलाईचा, कारखाना उभा राहत होता तेव्हाचा. सुपेल्याच्या बाजूला मजुरांच्या झोपड्या होत्या. भंडाऱ्याकडून आलेले तेजराम आणि मथुरा त्यातल्या एकीत राहत. तेजराम खलाशी, म्हणजे कारखान्यातलं जड लोखंड उचलून बसवणारा कामगार होता आणि मथुरा रेजा, म्हणजे माती-गिट्टी वाहणारी मजूर. कामावर जायच्या पहिल्या सकाळी तिनं धानाची तणस पिळून तिचं कडं केलं आणि त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. शेवटचं टोक दातांनी ओढून आत खोचलं. मी तयार झाले.

डोक्यावर बसणाऱ्याला माणसाची चाल लवकर कळते. पायाखालची फळी हलली, खडी सरकली, तरी मथुराची कंबर खालच्या खाली सावरून घ्यायची. माझ्यापर्यंत धक्का यायचाच नाही. ओझ्याखालीही ती गप्पा मारत चालायची. भैयालाल मुकादम म्हणायचा, "अरे, इसके सिर में खूँटा गड़ा है क्या?" ते कौतुक माझंही होतं, असं मी समजत असे.

घमेलं डोक्यावर चढवून द्यायला दुसरी बाई लागते. एके दिवशी ती बाई पाणी प्यायला गेली होती. मथुरानं तिची वाट पाहिली नाही. ती वाकली, अंग एका बाजूला पिळलं आणि ओल्या काँक्रीटचं घमेलं एकटीनं उचललं. ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही. तिची कंबर धरली आणि ती तिथंच बसली.

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "कुछ दिन आराम, फिर धीरे-धीरे चलना-फिरना." यातला आराम तेवढा घरी आला. चलना-फिरना वाटेतच राहिलं. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. तेजरामची मोठी बहीण शकुबाई गावाहून धावत आली आणि तिनं सगळं घर हातात घेतलं. मथुराच्या कंबरेला तिनं धोतराचा पट्टा करकचून बांधला. भाकरी, पाणी, सारवण, सगळं तीच करी. मथुरा कूस बदलू लागली तरी ओरडे, "हलू नोको वं! माह्या देखत हलू नोको." डोक्यावरच्या ओझ्यानंच कंबर गेली असं तिचं मत होतं, म्हणून मला खुंटीवर टांगलं. माझ्यावर धूळ बसू लागली.

पावसाळा सरला. मथुरा आता उठायची ती फक्त बाहेर जाण्यापुरती. तेव्हाही भिंत धरायची, श्वास रोखायची, काठीसारखी ताठ व्हायची. दुखणं कंबरेत होतं, पण भीती पायांपर्यंत उतरली होती. सपाट जमिनीवरही तिचा तोल जाई.

त्यांची मुलगी गुलाब नुकतीच चालायला लागली होती. ती खाटेजवळ येऊन दोन्ही हात वर करायची. मथुरा तिच्या केसांवरून हात फिरवायची आणि शकुबाई तिला उचलून न्यायची. पुढे पुढे गुलाब खाटेजवळ यायचीच नाही. हात वर करायचे तर आत्याकडे, हे ती शिकली.

दसऱ्यानंतर एकदा जेवताना शकुबाई म्हणाली, "दिवाळी झाली का मले कापणीले जा लागते. पोरीले संगं नेतो. हिले उचलता आली का धाडतो वापस."

"आन् नाही आली त?" मथुरानं विचारलं.

"त राहील आत्याजवळ. परकी हाव का मी?"

तेजराम खाली पाहून जेवत होता. "बाई बरोबरच म्हणते," एवढंच तो बोलला. मथुरानं तोंड भिंतीकडे केलं.

दोन घरं पलीकडे ठकूबाई राहायची. तिला लाज-शरम कमी आणि जीभ जास्त होती. एका सकाळी शकुबाई पाण्याला गेलेली असताना ती आत आली आणि सरळ मला खुंटीवरून काढलं.

"माही चुंबळ फाटली. हे नेतो. तुले कायले पाहिजे? डोक्शावर घेऊन निजतं का?"

"ठेव तिथं. माही हाय ते."

"ये मंग, घे."

मथुरा उठली. रागाच्या भरात भिंत धरायची राहून गेली. तिनं मला हिसकावून घेतलं. मग ठकूबाई हसत म्हणाली, "पाय हायेत वं तुले! मले वाटलं, शकुबाईनं गावाले धाडून देल्ले."

ती गेल्यावर मथुरानं मला झटकलं, डोक्यावर ठेवलं आणि माझ्यावर रिकामा लोटा. चार पावलांत लोटा पडला. अंगणातल्या गुलाबला ते फार आवडलं. तिनं लोटा उचलून आईजवळ आणला. तो घ्यायला मथुराला बसावं लागलं. चौकट धरून, गुडघे मोडून ती हळूहळू बसली आणि तशीच उठली. पुन्हा लोटा पडला. गुलाब पुन्हा धावली.

मला वरून कळत होतं, मान ताठ केली की लोटा पडतो, श्वास रोखला की पडतो. अंग सैल ठेवून पुढं पाहत चाललं की राहतो. तिच्या अंगाला हे पूर्वी ठाऊकच होतं. ते आता एकेक करून परत येत होतं.

शकुबाईनं पाहिलं तेव्हा ती कडाडली. "मोडून घे कंबर अजून! मंग जिंदगीभर मीच हाव भाकरी थापाले!"

"मोडली त थापजा, बाई," मथुरा म्हणाली आणि चालत राहिली. दुखणं गेलं नव्हतं. ज्या दिवशी जास्त असे, त्या दिवशी ती थोडंच चाले, पण चाले. पट्टा तिनं सोडून ठेवला. लोट्यात थोडं पाणी आलं, मग अर्धा लोटा. पण गुलाबला उचलायला मात्र तिचा हात धजत नव्हता.

दिवाळी झाली. तेजराम दुर्ग स्टेशनसाठी सायकलरिक्षा आणायला गेला. शकुबाईनं गाठोडं बांधलं. त्यात गुलाबची झबलीही होती. गुलाबनं सवयीप्रमाणे आत्याकडे हात वर केले.

मथुरा तिच्यासमोर उकिडवी बसली. मी तिच्या डोक्यावर होते, माझ्यावर काहीच नव्हतं. "गुलाब, इकडं ये."

गुलाबनं आत्याकडे पाहिलं. शकुबाईला तिला उचलून घेता आलं असतं. तिनं हात पुढे केला नाही.

गुलाब आली आणि आईच्या गळ्याला बिलगली.

"पडशील वं, मथुरे!"

"बसलीच त हाव, बाई. पडीन त किती पडीन?"

तिनं लेकीला छातीशी अगदी घट्ट घेतलं. एक हात चौकटीवर ठेवला. श्वास सोडला आणि पायांवर जोर देऊन उठली. मधेच ती थांबली, एका बाजूला झुकली, मग कंबरेनं खालच्या खाली सावरून घेतलं. मी जराशी हलले. पडले नाही.

शकुबाई खाली बसली. तिनं गाठोडं सोडलं आणि एकेक झबलं काढून खाटेवर ठेवू लागली. "हे जाड हाय," कुणाकडे न पाहता ती म्हणाली. "थंडीचं घालून देत जाजो."

मित्रांनो, पुढं घरात नळ आला आणि माझं काम सरलं. त्याचं मला दुःख नाही. तुमच्या घरी कधी कुणाची कंबर धरली, तर त्यांची काळजी जरूर घ्या. डॉक्टर काय म्हणतो ते पुरतं ऐकून घ्या. पण मायेपोटी त्यांच्या हातातलं सगळंच काढून घेऊ नका. जड असेल तेवढं तुम्ही घ्या. हलकं त्यांच्याजवळ राहू द्या.