छतातला कडबा

लातूर जिल्हा झाला त्या साली तिकडची एक जुनी सरकारी कोठी पाडली. तिच्या सागवानी फळ्या गुरुपादप्पांनी लिलावात घेतल्या आणि अहमदपूरच्या बाहेर, आपल्या पेरूच्या बागेत, हौसेनं एक लाकडी खोली बांधली. पुढं दुष्काळाच्या साली तीच खोली त्यांच्या बायकोच्या, शिवम्माच्या कामी आली. गावातल्या घराखाली त्यांचं मिरची-हळदीचं दुकान. त्या धुळीनं शिवम्माची छाती भरून यायची. डॉक्टर म्हणाले, "मोकळ्या हवेत ठेवा. पण झळ लागू देऊ नका, छाती सोसणार नाही."

बागेत हवा मोकळी होती, पण खोलीवर पत्रा होता आणि खाली काळी माती. पत्रा तव्यासारखा तापायचा. मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, त्यांतून वाफ यायची.

दगडोबा सुतार म्हणाला, "अप्पा, आधी मुरूम लागोस्तर काळी माती काढा. तिच्यावरच फळ्या ठोकल्या तर पावसात माती फुगंल अन् तुमची खोली नाचंल."

माती काढली. वीटभट्टीची राख आणि वाळू ठासून वर फळ्या बसवल्या. पाय ठेवला की गार लागायचं. मग पत्र्याखाली हातभर जागा सोडून छताला फळ्या ठोकल्या. दोन फळ्यांमध्ये दगडोबानं बोटभर फट ठेवली.

"लाकडालाबी दम घ्यायला जागा लागती. आता मधी पाचट भरा, झळ खाली येत न्हाई."

त्या साली उसाचं पाचट मिळणार कुठं? अप्पांजवळ होता तो गाईसाठी राखलेला ज्वारीचा कडबा.

गाय देवणी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि पोटात सहा महिन्यांचं वासरू. शिवम्माच्या आंदणात आलेल्या गाईची ही नात. तिच्या मानेवर हात फिरवताना शिवम्मा म्हणायची,

आंदणाची गाय बाई, उभी राहिली दारात
माय माझी येऊन गेली, तिच्या डोळ्याच्या पाण्यात

"तिला छावणीत धाडू. सरकार चारा देतंय," अप्पांनी सुचवून पाहिलं.

"गाभणी गाय छावणीत? मग तिच्या शेजारी मलाबी बांधा."

शिवम्मा गावातल्या घरी होती तोवर अप्पांनी छत भरून घेतलं. गाईपुरत्या थोड्या पेंढ्या बाहेर ठेवल्या. शिवम्मा खोलीत आली, बाजेवर आडवी झाली, वर पाहिलं.

"काय भरलंय वो?"

"पाचट."

तिनं एक लांब श्वास घेतला. वाळल्या ज्वारीचा गोडसर वास बाईमाणसाला सांगावा लागत नाही. मग ती कुशीवर वळली.

पहिला पंधरवडा बरा गेला. शिवम्मा दोन घास जास्त जेवली. मग हळूहळू खोली तापायला लागली. अप्पांनी खिडकीला ओलं पोतं लावलं, दगडोबाला दोष दिला. बाहेरच्या पेंढ्या कधीच सरल्या होत्या. गाईला पेरूचा पाला तेवढा पडायचा, तरी तिचं अंग धरलेलं होतं. अप्पांना नवल वाटायचं.

एका दुपारी ते दुकान लवकर बंद करून आले. ओलं पोतं बाजूला सारलेलं. खिडकीत गाईचं तोंड. शिवम्मा बाजेवर उभी, एक हात भिंतीला, दुसऱ्या हाताची दोन बोटं छताच्या फटीत. धापा टाकत ती कडब्याचं एक ताट ओढत होती. ते निघालं तसं तिनं मोडलं आणि गाईपुढं धरलं.

"शिवम्मा, काय करायलीस?"

ती दचकली नाही. "तुमचं पाचट लई चवीचं हाय. आवडतंय तिला."

अप्पांनी छताकडं पाहिलं. "तुझ्या छातीसाठी भरलं होतं गं."

"ठाव हाय. म्हणून तर तुमाला बोलले न्हाई." ती बाजेवर टेकली. धाप ओसरल्यावर म्हणाली, "बाजेवरचं सरलं. पलीकडं हात पुरत न्हाई. आता तुमी काढा."

"अन् तुला झळ लागली तर?"

"ती दोन जीव घेऊन उभी हाय. माझा एकच हाय, अन् त्योबी जुना."

अप्पा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गाईनं पाला टाकून दिला, तेव्हा त्यांनी शिवम्माची बाज खिडकीच्या दुसऱ्या अंगाला, भरल्या छताखाली सरकवली आणि ते स्टुलावर चढले. रोज थोडा कडबा काढायचे, मग शिवम्माच्या उशाशी बसून ओल्या पंचानं वारा घालायचे. दाराकडचं छत आधी रिकामं झालं, मग मधलं. शिवम्मा रोज विचारायची, "खाल्लं का तिनं?"

वैशाखात गाय व्याली. कालवड झाली. गाय तिचं ओलं कपाळ चाटताना शिवम्मानं खिडकीतून पाहिलं. चौथ्या दिवशी, भर दुपारी, अप्पांच्या हातात पंचा असतानाच ती गेली.

मठातल्या अय्यांनी लिंगायत रीतीनं तिला तिच्याच बागेत, विभूती लावून, हातात लिंग देऊन समाधीत बसवलं. माणसं पांगली. अप्पा खोलीत आले. गाय गव्हाणीकडं गेली नव्हती, खिडकीशीच उभी होती. कासेला कालवड ढुशा देत होती.

बरोबर शिवम्माच्या उशीवर, छतात, हातभर रुंदीचा कडबा अजून होता. सगळा सरला, असं अप्पांनी तिला सांगितलं होतं.

ते उशी बाजूला सारून बाजेवर चढले. फटीत बोटं घातली. ताटं एकेक करून येत राहिली, धूळ डोळ्यांत पडत राहिली. मूठभर झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

गाय त्यांचा हात हुंगत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं तोंड लावलं.