‘येते’ न म्हणता गेलेली सबरूटीन

घाटकोपरच्या एका पॉलिटेक्निकात नंदकिशोर सर अठ्ठावीस वर्षं असेंब्ली लँग्वेज शिकवत होते. सांगणं एकच: प्रोग्रामात वाटेल तिथून वाटेल तिथे उड्या मारू नका. कामाचे तुकडे, म्हणजे सबरूटीन, करा; एका दारानं आत जा, काम उरका, परत या. मुलं माना डोलवायची आणि उड्या मारायची.

आज श्वेताची प्रॅक्टिकल होती, तिसऱ्यांदा. नापास झाली तर डिप्लोमा अडकणार आणि मुलुंडला ठरलेली नोकरी जाणार, ही तिची काळजी. सरांची काळजी वेगळी होती. तिला चौथ्यांदा शिकवावं लागणार.

दहा आकड्यांतला सर्वांत मोठा शोधायचा होता. पोरीनं लिहिलं झकास, एकही फालतू उडी नाही. दीड वर्षात पहिल्यांदा सरांना बरं वाटलं, आणि तेवढ्यात मशीन गपगार. आकडा शोधायला पाठवलेली सबरूटीन गेली ती गेलीच. तिच्या शेवटी ‘RET’, म्हणजे ‘परत फीर’, लिहायचं राहिलं होतं.

“वाट लागली,” श्वेता पुटपुटली.

बाहेरून आलेले परीक्षक मिहिर जोगळेकर, पार्ल्याचे, सरांच्या निम्म्या वयाचे. “पाच मिनिटं राहिली. सर, तुम्ही काही सांगायचं नाही हं.”

वर्गात सरांनी RET एकाच पद्धतीनं शिकवला होता: घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणतो का? ‘येते’ म्हणतो. सबरूटीननंही म्हणावं.

सर उठले. “जरा पाणी पिऊन येतो.”

“हो सर,” श्वेता म्हणाली.

दारातून ते परत आले. “चष्मा राहिला. येतो हं, श्वेता.”

“सावकाश या, सर.”

तिसऱ्यांदा ते रुमालासाठी आले आणि “येतो!” असं ओरडले की शिपाई राजाराम डोकावला.

“अहो, येतो येतो काय? जा ना एकदाचे!” मिहिर वैतागले.

“जा नाही म्हणायचं सर, या म्हणतात,” श्वेतानं त्यांना टोकलं, आणि स्वतःच जीभ चावली. बोटं कीबोर्डवर पडली. तीन अक्षरं. मशीननं उत्तर दिलं.

मिहिरनी पंचवीसपैकी बावीस मांडले. “तीन कापले. सरांच्या तहानेचे.”

श्वेता सरांच्या पाया पडली. “सर, माझी धाकटी बहीण जूनमध्ये तुमच्याच वर्गात येतेय. माझ्याहून ढ आहे.”

सर खुर्ची ओढून बसले.