धानाच्या ढोलीतली गोळ्यांची पट्टी

मी बोलतेय, चंदेरी कागदातली गोळ्यांची पट्टी. आवाज जरा कापतोय, सांभाळून घ्या. सध्या मी गोंदियाच्या एका दवाखान्यात, बाकड्यावर ठेवलेल्या पर्समध्ये आहे. काचेच्या पलीकडे आज सकाळी जन्मलेलं एक लेकरू आत्तापर्यंत रडत होतं. आता गप्प झालंय. का गप्प झालं, ते मला इथून दिसत नाही, आणि माझा जीव टांगणीला लागलाय.

का, ते सांगते. सांगता सांगता तरी भीती थोडी कमी होईल.

कारखान्यात यंत्रानं माझ्या पोटात एकेक गोळी बसवली आणि वरून कागद चिकटवला. पाठीवर तांबड्या अक्षरांत ताकीद छापली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये म्हणून. पाठीवरचं मला कधी वाचता आलं नाही. माणसांना येतं, पण तीही वाचत नाहीत.

औषधाच्या दुकानात माझ्या शेजारी तापाच्या गोळ्या होत्या. त्यांचा केवढा तोरा! लोक रस्त्यावरूनच त्यांचं नाव घेऊन ओरडत यायचे. मला मागायला आलेला माणूस मात्र आधी मागे वळून पाहायचा, मग घडी केलेली चिठ्ठी हळूच पुढे सरकवायचा. मी मनाच्या आजाराची ना! प्रफुल आला तोही तसाच. म्हणाला, "भाऊ, काळ्या पन्नीच्या पिशवीत द्या."

प्रफुलचं घर केशोरी गावचं. वडील कवडू आणि आई सुमित्राबाई धानाची शेती करतात, तो मोटारपंप दुरुस्त करतो. गोळ्या त्याच्या बायकोच्या, हर्षाच्या. तिच्या डब्यात माझ्याआधीची एक रिकामी होत आलेली पट्टी होती, तिनं मला सगळं सांगितलं. मागल्या वर्षी हर्षा खाटेवरून उठेनाशी झाली होती. जेवण नाही, बोलणं नाही, केस विंचरणं नाही. घरच्यांनी देवाधर्माचं सगळं केलं. शेवटी प्रफुल तिला गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या, आणि महिना-दीड महिन्यात पोरगी पुन्हा बायांबरोबर धानाच्या बांधीत उतरून रोपांची रोवणी करू लागली. सासूला मात्र दोघांनी सांगून ठेवलं होतं, थायरॉईडच्या गोळ्या आहेत.

मला ऐकून कसं बरं वाटलं! म्हटलं, चला, चांगल्या घरी पडले.

आणि हर्षाला दिवस गेले.

प्रफुल म्हणाला, "गोंदियाले जाऊन बाईले विचारून घेऊ." पण कामं निघत गेली, आणि जाणं आज-उद्यावर पडत राहिलं. तेवढ्यात शेजारची नीतू आली. गोळ्यांचं खरं तिला एकटीला माहीत होतं. तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातला माणूस डोळे मोठे करून सांगत होता, या गोळ्यांनी पोटातल्या बाळाच्या काळजाला भोक पडतं.

"माय वो!" हर्षा पोटावर हात ठेवून खालीच बसली.

"तुया भल्याचंच सांगून राहिली मी," नीतू म्हणाली. "आजच बंद कर."

वाईट नव्हती हो नीतू. तिला खरंच काळजी होती. पण मी डब्यात पडल्या पडल्या थिजले. माझ्या पोटात गोळ्या, तिच्या पोटात लेकरू, आणि माझ्यातलं तिच्यात जाऊन त्या लेकराचं काय करत असेल, हे मला तरी कुठं ठाऊक होतं!

हर्षानं त्याच दिवशी गोळी बंद केली. एकदम. कुणाला न विचारता, प्रफुललाही न सांगता. मग प्रश्न पडला, मला टाकायचं कुठं? चुलीत जाळलं तर धूर बाळाला लागेल. अंगणात फेकलं तर कोंबड्या टोचतील, नाहीतर सासूच्या झाडूत येईल. शेवटी ती मागच्या खोलीत गेली आणि तिनं मला धानाच्या ढोलीत खोल खुपसलं. ढोली म्हणजे बांबूच्या कमच्यांची, शेणामातीनं सारवलेली कोठी. घराचं वर्षाचं धान त्यात. बाळंतपण होईपर्यंत इथं कोण पाहतं, असं तिला वाटलं.

आत काळोख. भोवती धानाची टोकं. पण ढोलीच्या कुडातून ऐकू सगळं यायचं. पहिल्यांदा हर्षाला गरगरायला लागलं. डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, असं ती प्रफुलला म्हणाली. पोटुशीला होतं तसं, म्हणत त्यानं सोडून दिलं. मग तिची झोप गेली. मग जेवण गेलं. मागल्या वर्षीचा तो आजार एकेक पाऊल टाकत घरात येत होता, आणि तो येतोय हे ओळखणारी एकटी मी, धानात पुरलेली!

दुपारी सगळे शेतात गेले की हर्षा त्या खोलीत यायची आणि ढोलीला पाठ लावून बसायची. रडायची नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटायची. एकदा हळूच बोलली, "मी नसली तं बरं होईन सगळ्यायचं."

अरे देवा! मी ओरडले असते हो. पोरी, लेकराला वाचवायला मला टाकलंस ना? मग आता काय बोलतेयस? पण माझ्या तोंडून आवाज निघत नाही. आम्ही फक्त कुरकुरतो, तेही कुणी दाबलं तर.

मग एका सकाळी कवडू गिरणीवर न्यायला धान काढायला आला. टोपलं भरता भरता त्याच्या बोटांना मी लागले. त्यानं मला वर काढलं, उजेडात धरलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

धानाला कीड लागू नये म्हणून काही घरांत औषधाच्या गोळ्या टाकतात. जहर असतं ते. कवडूनं आपल्या ढोलीत ते कधी येऊ दिलं नव्हतं, आणि आता हातात गोळ्यांची पट्टी, तीही अर्धी फोडलेली!

"सुमित्रा! धानात हे कोन टाकलन? अन् हेच धान आपण खाऊन राहिलो! पोटुशी पोरगी खाऊन राहिली!"

सुमित्राबाई धावत आल्या. मागोमाग प्रफुल. त्यानं मला ओळखलं, मी पाहिले ना त्याचे डोळे! पण सांगितलं तर आईला थायरॉईडचं खोटं कळेल, म्हणून तो जागच्या जागी चुळबुळत राहिला. कवडू कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हताच. त्यानं फावडं घेतलं. "सारं धान काढा. बोडीच्या पाण्यापल्याड खड्ड्यात पुरून टाकतो."

वर्षभराचं अन्न! टोपल्यांमागून टोपल्या अंगणात रिकाम्या होऊ लागल्या.

हर्षा दाराची चौकट धरून उभी होती. गप्प राहिली असती तर धान गेलं असतं आणि गुपित राहिलं असतं.  मी मनात म्हणत होते, बोल गं, बोल.

"बाबूजी, नोका फेकू," ती म्हणाली. "जहर नोहोय ते. माह्या गोळ्या होत. डोक्याच्या. मीच लपवल्या."

कवडूनं फावडं खाली ठेवलं. सुमित्राबाई तिच्याजवळ गेल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"एवढे दिवस मले थायरॉईड सांगून राहिली?"

"हो."

"अन् बंद काऊन केली?"

"लेकराले काही झालं तं?" हर्षा पहिल्यांदा रडली. हमसून हमसून रडली.

सुमित्राबाईंनी तिचे दोन्ही खांदे धरले. "अन् तुले काही झालं तं लेकरू कोनाच्या पोटात राहीन, वो? सांग ना मले!"

 मग त्या प्रफुलवर उखडल्या, "उभा काय राहिला पाहत? गाडी काढ. गोंदियाले चाल."

डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेऊन नाव वाचलं. मी अंग चोरून पडले होते. आता ही बाई मला गुन्हेगार ठरवणार!

"धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ही गोळी पुष्कळ गरोदर बायका घेतात आणि बहुतेक बाळं चांगली जन्मतात. काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस थरथरतात, जास्त रडतात, श्वास जोरात घेतात. म्हणून लक्ष ठेवावं लागतं. आजार तसाच ठेवला तर तोही आईला आणि बाळाला धोक्याचाच. दोन्हीकडे पाहून ठरवायचं असतं. तुम्ही एकटीनं ठरवलंत आणि एकदम बंद केलंत, ते फार वाईट झालं. मनात मरायचे विचार येतात का?"

हर्षानं होकाराची मान हलवली. सुमित्राबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला.

डॉक्टरीणबाईंनी थोड्या मात्रेपासून गोळी पुन्हा सुरू केली, आणि बाळंतपण लेकरावर लक्ष ठेवता येईल अशा मोठ्या दवाखान्यातच करा, असं बजावलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. हर्षाच्या भावानं फोनवर कुरकुर केली, तर सुमित्राबाई म्हणाल्या, "मान घरी ठेव तुया, लेकरू दवाखान्यात होईन." धानात पडलेल्या पट्टीतल्या गोळ्या मात्र घेऊ नका, नव्या आणा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी तशीच पर्सच्या कप्प्यात राहून गेले.

आणि आज सकाळी मुलगी झाली. तिचे हात थरथरताहेत, असं नर्स म्हणाली. हे होऊ शकतं, बहुतेकदा ओसरतं, हे सगळ्यांना आधी सांगितलेलं होतं.  ती थरथर आम्हा गोळ्यांमुळे असेल. हे मी नाकारत नाही.

थांबा, पर्स उघडली. सुमित्राबाई आहेत. सुनेच्या गोळीची वेळ झालीय. एका हातात पाण्याचा गिलास, दुसऱ्या हातानं त्या नवी पट्टी शोधताहेत, आणि त्यांच्या हाताला मीच लागले.

"हे जुनं कायले ठेवलीस, वो?"

"राहून गेलं, आई," हर्षा खाटेवरून म्हणाली.

"टाकून देते."

चालले मी. औषधांच्या कचऱ्याच्या डब्यात. जाता जाता तुमच्या पाया पडून सांगते, मला घाबरा, जरूर घाबरा. पण घाबरून मला धानात लपवू नका. जी पोटुशी आहे तिनं आधी डॉक्टरांना विचारावं, आणि घरच्यांनी तिला विचारावं, बाई, तू कशी आहेस.

डब्याचं झाकण पडलं. काळोख झाला. ढोलीसारखाच.

पण ऐका, ऐका ना! पोरगी रडतेय. भूक लागली असणार. नर्स सांगतेय, "आणा आईजवळ, पाजू द्या." आणि हर्षा म्हणतेय, "द्या माह्याजवळ. मी हाय ना."