खऱ्या वाढदिवसाचा केक

हुल्डा लिंडक्विस्ट सात आठवडे बिनसाखरेची कॉफी प्यायली. साखर रेशनवर होती आणि तिला केक करायचा होता. एकोणीस ऑक्टोबरला तिच्या आर्विडचा वाढदिवस. तो इंग्लंडात विमानांची इंजिनं दुरुस्त करत होता. तिथवर केक पाठवला असता तर पोचेपर्यंत त्याचा भुगा झाला असता. म्हणून तिने ठरवलं, सैनिकांच्या गाडीतल्या एखाद्या पोराला द्यायचा. पण तोही एकोणीस ऑक्टोबरलाच जन्मलेला हवा, दुसऱ्या कुणाचा हात त्या केकला लागता कामा नये.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या त्यांच्या गावात सैनिकांच्या गाड्या इंजिनात पाणी भरायला दहा मिनिटं थांबायच्या. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर गावच्या बायकांनी स्टेशनात टेबलं मांडली होती. सँडविच, उकडलेली अंडी, कॉफी, सगळं फुकट, आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याला अख्खा केक. साहजिकच दर गाडीला वाढदिवसांचं अमाप पीक यायचं. बाकीच्या बायका हसून केक देऊन टाकायच्या. हुल्डाला मात्र हे मुळीच खपत नसे. बाई मनाने लोण्यासारखी, पण खोटं म्हटलं की तिचा दगड व्हायचा.

त्या सकाळी केकचा डबा छातीशी धरून ती स्टेशनात शिरली, तोच पोस्टमनने तिच्या हातात आर्विडचं पत्र ठेवलं. फौजेची पत्रं तेव्हा फोटो काढून इवलीशी करून पाठवत. ते मुंगीएवढं अक्षर हुल्डाच्या डोळ्यांना काही केल्या लागेना. तिने पत्र शेजारणीकडे, ओपल क्रेमरकडे, दिलं. ओपलचा चष्मा चांगला होता आणि जीभही तशीच धारदार.

"गाडी गेली की वाच," हुल्डा म्हणाली. "आधी काम."

"काम कसलं? पोरांचे जन्मदाखले तपासणार आहेस?"

दाखल्याची गरजच नव्हती. आपण जन्मलो तो दिवस कसा होता, हे प्रत्येकाला आईने शंभरदा ऐकवलेलं असतं, असं हुल्डाचं म्हणणं. आर्विडच्या वेळी गोठ्यात लाल गाय व्याली होती आणि नवरा आधी तिकडे धावला होता. हे त्या पोराला तोंडपाठ होतं. ज्याला असलं काही सांगता येणार नाही, तो थापाड्या.

गाडी आली. "आज कुणाचा वाढदिवस?" असं हुल्डाने विचारताच पहिल्याच डब्याच्या खिडक्यांतून अकरा हात वर झाले. सगळ्यात पुढे होता चेहराभर वांगाचे ठिपके असलेला एक लांबुडका पोरगा, डेलबर्ट. केंटकीचा.

"तू जन्मलास त्या दिवसाचं आई काय सांगते?" हुल्डाने विचारलं.

"फार बर्फ पडला होता, काकू. डॉक्टरची घोडागाडी रुतून बसली."

"ऑक्टोबरात? केंटकीत?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "फेब्रुवारीतला आहे मी," तो म्हणाला. "यंदा त्या दिवशी छावणीत बटाटे सोलत होतो. कुणाला बोललो नाही."

"मग फेब्रुवारीत यायचं होतंस," असं सुनावून हुल्डा पुढच्या डब्याकडे गेली.

तिथे एकाने जुळ्या बहिणीची गोष्ट रचली आणि मध्येच तिचं नाव विसरला. तिसऱ्या डब्यात एक जण शपथेवर सांगत होता, तर त्याचे मित्रच हसून लोळायला लागले. चौथ्यात, पाचव्यात तेच. इंजिनाचं पाणी भरून होत आलं आणि केक अजून हुल्डाच्याच हातात. सात आठवड्यांची साखर आता आपल्यालाच एकटीने खावी लागणार, या विचाराने हुल्डाला रडू यायला लागलं.

तेवढ्यात ओपल पत्र फडकावत धावत आली. तिला कुठला धीर निघतो, तिने ते केव्हाच वाचून काढलं होतं.

"ऐक," ती धापा टाकत म्हणाली, आणि वाचायला लागली.

"'आई, रागावू नकोस. इथे एका म्हातारीच्या घरी आम्ही पाणी प्यायला गेलो. मला तुझी फार आठवण येत होती. मी तिला सांगितलं, आज माझा वाढदिवस आहे. खऱ्या वाढदिवसाला महिना होता अजून. तिने आठवड्याचं एकुलतं एक अंडं फोडलं आणि बशीएवढा केक केला. आम्ही सहा जणांनी खाल्ला. तिने मला एका शब्दाने काही विचारलं नाही.'"

शिटी झाली, आणि छप्पन्न वर्षांची हुल्डा स्कर्ट एका हाताने उचलून पहिल्या डब्याकडे अशी पळाली की स्टेशनमास्तरसुद्धा बाजूला झाला. गाडी हलली होती. डेलबर्ट अजून खिडकीतच होता. तिने केकचा डबा त्याच्या हातांत कोंबला.

"सगळ्यांना दे," ती गाडीबरोबर धावत म्हणाली. "आणि आईला पत्र लिही. खरं काय ते कळव तिला."

"काय कळवू, काकू?"

"वाढदिवस झाला म्हणून."

गाडी दिसेनाशी झाल्यावर ओपलने तिला कॉफी आणून दिली. सवयीने साखरदाणी पुढे केली. हुल्डाने ती परत सारली आणि डोळे पुसले.

"नको," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यातही कुणाचा तरी वाढदिवस असेलच."